तीन वारांची नोकरी आणि गुरुवारचे सण

३० डिसेंबर २०२४, सोमवार. येळवस. लातूर-धाराशिवकडं मार्गशीर्ष अमावस्येला माणूस घरात सापडत नाही. शेतात कडब्याची कोप, भज्जी, आंबील आणि पाहुणेरावळे. लातूरची बाजारपेठ असलेल्या गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांवर त्या दिवशी गिऱ्हाइकापेक्षा सावलीच जास्त असते. त्यातल्याच एका रस्त्यावरच्या कापड दुकानात जानेवारीच्या पगाराला वाद झाला. (दुकानाचं नाव नाही, माणसं प्रातिनिधिक आहेत. तारखा, वार आणि हिशोब मात्र पडताळून घ्या, जुळतील.)

औशाकडून येणाऱ्या, आठवड्यातून तीन दिवस साड्यांच्या काउंटरवर असणाऱ्या ताईंच्या हजेरीपटावर ३० तारखेला ‘बि.प.’ लागलं होतं, म्हणजे बिनपगारी.

“ताई, येळवसची सुट्टी जानेवारीतच दिलीय. यादीत एकच येळवस आहे,” मुनीमजी म्हणाले.

“जानेवारीतली येळवस गुरुवारी होती, मुनीमजी. माझी पाळी सोमवार, मंगळवार, शुक्रवार. मला कोणती सुट्टी दिली तुम्ही?”

दोघंही खरं बोलत होते. २०२४ या एकाच इंग्रजी वर्षात येळवस दोनदा आली, ११ जानेवारीला आणि ३० डिसेंबरला. यादी ठरवताना कागदावर नुसतं ‘येळवस’ लिहिलं होतं, तारीख नव्हती. पण तारीख लिहून हे भांडण मिटलं नसतं. त्याचं मूळ हजेरीपटाच्या चौकटीत आहे.

दुकानात २२ माणसं. त्यातली १३ पूर्णवेळ, सहा दिवस रोज ८ तास, म्हणजे आठवड्याचे ४८. उरलेली ९ तीन तऱ्हांची. पहिली तऱ्हा संध्याकाळची, ५ ते ९ येणारी कॉलेजची ४ पोरं, सहा दिवस, मंगळवारी सुट्टी. दुसरी तीन वारांची, ३ महिला, ११ ते साडेसात, मधे अर्धा तास जेवण, म्हणजे रोज ८ तास. त्यातल्या दोघी सोम-मंगळ-शुक्र येतात, एक बुध-गुरू-शनी. तिसरी तऱ्हा पिको-फॉलच्या मशीनवरच्या दोन मावशींची. लग्नसराईचे २६ आठवडे सहा दिवस रोज ६ तास, उरलेले २६ आठवडे तीन दिवस रोज ४ तास. हंगामात आठवड्याला ३६, बिगरहंगामात १२.

सरासरी काढली तर तिन्ही तऱ्हा आठवड्याला २४ तासांवर येतात, म्हणजे पूर्णवेळच्या बरोबर निम्म्यावर. पगारही निम्मा. मग रजाही निम्मी पडायला हवी, असं कुणालाही वाटेल.

पट दिवसाचा, काम तासाचं

या दुकानाला लागू असलेला कायदा म्हणजे महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७. १९ डिसेंबर २०१७ पासून तो अमलात आहे. रजेचं कलम १८ वे. त्यातलं कामापुरतं सांगायचं तर वर्षाला ८ दिवस किरकोळ रजा. ती दर तिमाहीला खात्यावर जमा होते आणि वर्षाअखेर न वापरलेली बुडते. आदल्या वर्षी २४० दिवस काम भरलं असेल तर दर २० दिवसांमागे एक दिवस अर्जित रजा, ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. आणि ८ भरपगारी सणसुट्ट्या. त्यातल्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ठरलेल्या; बाकी चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसात ठरवायच्या. सणसुट्टीला कामावर बोलावलं तर दुप्पट पगार आणि वर बदली रजा.

यात कुठेही ‘तास’ नाही, सगळीकडे ‘दिवस’ आहे. पूर्णवेळ माणसाचा दिवस ठरलेला असतो, त्यामुळे अडत नाही. चार तासांचाही दिवस आणि आठ तासांचाही दिवसच, असं झालं की हिशोब तिरका होतो. दुकानाने २०२४ मध्ये दिलेली रजा तासांत मांडून पाहू.

पूर्णवेळ माणूस: आदल्या वर्षीच्या २८८ हजेऱ्यांवर १४ दिवस अर्जित, ८ किरकोळ, ८ सण. एकूण ३० दिवस, २४० तास. याचं निम्मं १२०.

संध्याकाळचा पोरगा: तोही वर्षाला साधारण २८८ वेळा येतो, म्हणून त्यालाही तेच ३० दिवस. दिवस चार तासांचा, म्हणून १२० तास. चोख.

सोम-मंगळ-शुक्रवाल्या ताई: वर्षात त्यांचे वारच १५० ते १६०. २४० चा उंबरठा त्या कधीच ओलांडणार नाहीत, एकही खाडा न करता आल्या तरी. अर्जित शून्य. किरकोळ ८ दिवस, ६४ तास. आणि सण? यादीतल्या २०२४ च्या तारखांचे वार असे: ११ जानेवारी येळवस गुरुवार, २६ जानेवारी शुक्रवार, ११ एप्रिल रमजान ईद गुरुवार, १४ एप्रिल रविवार, १ मे बुधवार, १५ ऑगस्ट गुरुवार, २ ऑक्टोबर बुधवार, २ नोव्हेंबर दिवाळी पाडवा शनिवार. सोमवारी एकही नाही, मंगळवारी एकही नाही. ताईंच्या वाट्याला अख्ख्या वर्षात एक सण आला, २६ जानेवारी. एकूण ७२ तास.

बुध-गुरू-शनीवाल्या ताई: त्याच काउंटरवर, त्याच पगारात. सण सहा. एकूण ११२ तास.

दोघींत ४० तासांचा फरक, म्हणजे पाच पूर्ण दिवस, आणि तोही केवळ वारामुळे. त्यात वर्षअखेरीला एकदाचा सण सोमवारी आला, तर ‘तो जानेवारीत दिला’. ताई का चिडल्या याचं कोडं कुणाला पडू नये. त्यांच्या आठही किरकोळ रजा दिवाळीपर्यंत संपल्या होत्या. संपणारच होत्या, दुसरी रजाच नव्हती.

मतदानाच्या दोन सुट्ट्या या हिशोबात धरलेल्या नाहीत. लातूरला लोकसभेचं मतदान ७ मे ला मंगळवारी आणि विधानसभेचं २० नोव्हेंबरला बुधवारी झालं. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ ब नुसार ती भरपगारी सुट्टी स्वतंत्र आहे, रोजंदारीवाल्यालाही मिळते. ती आठ सणांत घुसडायची नाही. दोन्ही गटांना एकेक मिळाली, तो योगायोग.

मशीनवरच्या मावशींचं प्रकरण आणखी बारीक. ठरलेल्या पाळीने त्यांचे दिवस होतात २६ गुणिले ६ अधिक २६ गुणिले ३, म्हणजे २३४. उंबरठ्याला सहा कमी! एक मावशी श्रावणात नऊ दिवस जास्तीच्या आल्या, चार-चार तास, आणि २४३ वर पोचल्या. त्यांना पुढच्या वर्षी १२ दिवस अर्जित रजा. दुसरीला शून्य. ३६ तासांच्या कामावर बारा दिवसांची रजा पालटते. अशा ठिकाणी माणसं रजेसाठी हजेऱ्या जोडायला लागतात, किंवा मालक डिसेंबरात ‘येऊ नका’ म्हणायला लागतो. दोन्ही प्रकार सर्रास चालतात.

पाचपट, पण तळ बघून

पहिला मसुदा सोपा निघाला. पूर्णवेळला ४८ तासांच्या आठवड्यावर २४० तास रजा, म्हणजे पाचपट. तर मग करारात आठवड्याचे जितके तास, त्याच्या पाचपट तास वर्षाची एकूण रजा. २४ ला १२०, १८ ला ९०, ३० ला १५०. तोंडी हिशोब, मुनीमजींनाही पटला.

तो तसाच लावला असता तर चूक झाली असती. कायदा दिवस मोजतो, म्हणून तासांचं खातं उघडलं तरी दिवसांचा तळ, म्हणजे कायद्याने किमान द्यायचे दिवस, तपासावा लागतो. कलमात ८ भरपगारी सणसुट्ट्या ‘प्रत्येक कामगाराला’ आहेत. ‘ज्याच्या वारात बसेल त्याला’ ही दुकानाने आपल्या सोयीने केलेली वाचणी होती. कडक वाचलं तर तीन वारांच्या ताईंना ८ किरकोळ आणि ८ सण, १६ दिवस, दिवस ८ तासांचा, म्हणजे १२८ तास. पाचपटीने येतात १२०. एक दिवस कमी. म्हणून नियमाला शेपूट लागलं: पाचपट किंवा कायद्याचा तळ, जे जास्त असेल ते. ताईंना १२८ तास. संध्याकाळच्या पोरांपेक्षा आठ जास्त पडले, पडू देत. आठ तासांनी दुकान बसत नाही, एक दिवस कमी दिल्याची तक्रार कामगार आयुक्तांकडे गेली तर मात्र महिना जातो.

किरकोळ रजा निम्मी करण्याचा मोह इथेच होतो. ‘अर्धवेळ आहे ना, मग चारच दिवस.’ कायद्यात असं वजाबाकीचं कलम नाही. चार तासांच्या माणसाचा दिवस आपोआपच चार तासांचा असतो, तिथे कपात झालेलीच आहे. पुन्हा दिवसही निम्मे केले की दुहेरी कपात होते.

मावशींसाठी मालकाने वेगळा मार्ग घेतला. या तऱ्हेला २४० चा उंबरठा बघायचाच नाही, वीसाला एक सरळ द्यायची. २३४ वर ११ दिवस, अधिक १६, म्हणजे २७. वर्षाचे १२४८ तास भागिले २३४ दिवस, सरासरी दिवस ५.३३ तासांचा. रजा १४४ तास. नऊ दिवस जास्त आलेल्या मावशींच्या १४८. दोघी एकाच मशीनवर आलटून-पालटून बसतात, चार तासांचा फरक त्यांना समजतो आणि पटतो. कायद्यापेक्षा जास्त द्यायला कुणाची हरकत नसते. हीच सूट तीन वारांच्या ताईंना दिली असती तर खातं १८४ वर गेलं असतं, म्हणून तिथे दिली नाही. यात एक उणीव राहिली ती राहिलीच: ताईंच्या १२८ तासांत साठवता येणारं काहीच नाही.

(हे सगळं २०२४ च्या तरतुदींवर आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून श्रमसंहिता अमलात आल्या आणि व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संहितेत अर्जित रजेचा उंबरठा १८० दिवसांचा आहे. आठवड्यातून चार दिवस येणाऱ्याचे २०८ भरतात, तो आत येतो. तीन दिवसवाला १५६ वर बाहेरच.)

ताईंपुरता खर्च किती? तिघी ताईंचा वाढावा ५६, ५६ आणि १६, एकूण १२८ तास. नऊ अर्धवेळांचे वर्षाचे तास ११,२३२. एक टक्का आणि थोडं वर. मालकाने आकडा ऐकला आणि विषय संपला. त्याआधी ‘सगळ्यांना सगळं द्यायला लागलो तर’ असं दोन आठवडे चाललं होतं.

वहीचं पान

जुन्या पटावर ‘ह’, ‘गै’, ‘अर्धा’ एवढंच होतं. ‘अर्धा’ म्हणजे पोराचे दोन तास आणि ताईंचे चार. १ जानेवारी २०२५ पासून पानावर सात रकाने केले: तारीख, वार, ठरलेले तास, भरलेले तास, रजेचा प्रकार, वजा तास, शिल्लक. ताईंच्या पानावरची एक ओळ अशी: ६ जानेवारी, सोमवार, ठरलेले ८, भरलेले ५, किरकोळ, वजा ३, शिल्लक १३. तिमाहीचे २ दिवस म्हणजे १६ तास जमा होते, त्यातून तीन गेले. पूर्वी या तीन तासांना अख्खा ‘अर्धा’ कापला जाई.

वजा करायचे ते त्या दिवशीचे ठरलेले तास, सरासरी नव्हेत. मावशींनी मे महिन्यात रजा घेतली तर ६ तास जातील, भाद्रपदात घेतली तर ४. हे आधी सांगितलं नाही तर बिगरहंगामाच्या चार तासांच्या भावात लग्नसराईची सुट्टी मिळेल असं माणूस धरून चालतो.

सणांचं खातं वेगळं. सण आपल्या वारात आला की ८ तास आपोआप वजा, नाही आला की तास शिल्लक, ते नंतर कधीही घ्यायचे. ‘कधीही’ हा शब्द पहिल्या वाचनात गेला आणि दुसऱ्या वाचनात खोडला. सगळे डिसेंबरात मागतील आणि तेव्हा लग्नाच्या तिथी असतात. आता एका तिमाहीतले उरलेले सणाचे तास पुढच्या तिमाहीअखेर घ्यायचे. मागूनही मिळाले नाहीत तर पगारात द्यायचे, बुडवायचे नाहीत.

वही संगणकावर नेली तेव्हा पहिल्याच महिन्यात बेरीज चुकली. साडेपाच तास कुणी ५.३० लिहिले, कुणी ५.५. एक्सेलला ५.३० म्हणजे पाच आणि तीन दशांश; दोनदा लिहिलं की ११ ऐवजी १०.६०. आता पाव तासाच्या पटीतच लिहायचं, .२५, .५, .७५. एसटी चुकल्याने वीस मिनिटं उशीर झाला तर वहीत घ्यायचाच नाही. मुरूड-रेणापूरहून येणाऱ्यांची मिनिटं मोजत बसणारा मुनीम दुकानाला महाग पडतो.

वारबदल ही सगळ्यात घोटाळ्याची जागा. २०२४ च्या दिवाळी पाडव्याला शनिवारी दुकान निम्म्या माणसांवर उघडं ठेवलं. बुध-गुरू-शनीवाल्या ताईंच्या घरी पाहुणे, म्हणून सोम-मंगळवाल्या ताईंना बोलावलं. पटावर ‘वारबदल’ लागलं आणि पगार एकेरी झाला. ती सणसुट्टी होती, आलेल्या माणसाला दुप्पट पगार आणि ८ तास बदली रजा देणं भाग होतं, मग मूळ पाळी कुणाची का असेना. आता वारबदलाची चिठ्ठी दोघींच्या सहीने आदल्या दिवशी द्यायची आणि सणाच्या तारखेला वारबदल हा शब्दच वापरायचा नाही, ‘सणाला बोलावलं’ असंच लिहायचं.

जादा तासांचंही असंच. चार तासांचा पोरगा दिवाळीत सात तास थांबला तर वरचे तीन तास कायद्याने ओव्हरटाइम होत नाहीत. २०२४ च्या तरतुदीत दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ च्या पुढे दुप्पट दर लागतो. ते तीन तास साध्या दराने द्यायचे किंवा खात्यावर जमा करायचे, हे पोराने निवडायचं आणि त्याच दिवशी लिहायचं. परीक्षा असलेली पोरं तास जमा करतात, बाकीची पैसे घेतात.

तासांच्या खात्याचा खरा उपयोग पाळी बदलते तेव्हा दिसतो. संध्याकाळच्या एका पोराची पदवी झाली, जूनपासून तो पूर्णवेळ झाला. जुन्या वहीत त्याचे १४ दिवस शिल्लक होते. तसेच पुढे ओढले असते तर चार तासांत कमावलेले दिवस आठ तासांच्या भावाने फिटले असते, ५६ चे ११२ तास. उलट बाजूला, बाळंतपणाची रजा संपवून एक पूर्णवेळ ताई चार तासांवर आल्या. त्यांचे १० दिवस शिल्लक, म्हणजे ८० तास, म्हणजे आताचे २० दिवस. दिवसांच्या वहीने त्यांना दहाच दिले होते. ४० तास गेले आणि त्यांनी विचारलंही नाही, कारण आकडा १० चा १० च दिसत होता. (प्रसूती रजेला आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम पुरेसं आहे, त्यामुळे तीन वारांच्या ताईही त्यात बसतात. त्यांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं.)

३० डिसेंबरचे ८ तास ताईंना फेब्रुवारीच्या पगारात परत दिले. २०२५ च्या यादीत सणापुढे तारीख आणि वार दोन्ही आले. त्या वर्षी ईद आणि १४ एप्रिल सोमवारी, १५ ऑगस्ट शुक्रवारी. १ मे आणि २ ऑक्टोबर गुरुवारी, पाडवा बुधवारी. या सहा तारखांत दोन्ही गटांना तीन-तीन. मालक यादी बघून म्हणाले, “आपोआप सारखं झालं की. मग एवढा खटाटोप कशाला केला, मुनीमजी?”

मुनीमजींनी २०२६ ची दिनदर्शिका पुढे सरकवली. २६ जानेवारी सोमवार, १४ एप्रिल मंगळवार, १ मे शुक्रवार, २ ऑक्टोबर शुक्रवार. बुध-गुरू-शनीवाल्या ताईंच्या वाट्याला, या ठरल्या तारखांपैकी, फक्त १५ ऑगस्ट.